कनाअत : समाधान की सोयीची शिकवण?

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मधल्या भागाला विश्रामबाग म्हणतात. नावात विश्राम आहे आणि बागही आहे, पण विश्रांतीसाठी आज इथे कुणी येत नाही. १९१९ साली सुरू झालेले विलिंग्डन कॉलेज इथेच आहे. १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून निघालेले आणि १९५५ मध्ये वालचंद हे नाव मिळालेले अभियांत्रिकी महाविद्यालयही इथेच. त्यांच्या आजूबाजूला क्लासेस, होस्टेल, खानावळी, झेरॉक्सची दुकाने यांची दाटी झाली आहे. क्लासच्या फलकांवर जास्त गुण मिळवलेल्या मुलांचे हसरे फोटो असतात. फलकाखालून जाणारी मुले मात्र फारशी हसत नाहीत. जत, तासगाव, कवठेमहांकाळकडून आलेली ही पोरे पाठीवर दप्तर टाकून एका क्लासमधून दुसऱ्या क्लासकडे धावत असतात.

या गर्दीत आता आपल्या मोहल्ल्यातली मुलेमुलीही दिसतात. ज्यांच्या आजोबांनी हत्यारांना धार लावली, कापूस पिंजला, फळांच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, त्यांच्या नाती आज इंजिनिअर, डॉक्टर व्हायचे म्हणतात. हा बदल लहान नाही. यासाठी कुठे दागिना मोडलेला असतो, कुठे आईने शिलाई मशीन रात्री उशिरापर्यंत चालवलेले असते. म्हणून 'सुख आपल्या आत आहे, बाहेरच्या धडपडीत नाही' हे वाक्य इथे उच्चारायचे तर जपून उच्चारावे लागते. वाक्य खोटे आहे म्हणून नव्हे. ते कोण, कुणाला आणि कशासाठी सांगतो आहे यावर त्याचा अर्थ बदलतो, म्हणून.

आपल्याकडे हे वाक्य पुष्कळदा जुम्माच्या बयानात ऐकू येते. दुनिया फानी आहे, तिच्या मागे लागू नका, जे मिळाले त्यावर शुक्र करा. समोर बसलेल्यांत रिक्षावाले असतात, गॅरेजमधली पोरे असतात, कुपवाडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारे असतात. त्यांच्या हाती दुनिया आली तरी कधी, की त्यांनी ती सोडावी? सच्चर समितीने २००६ साली जो अहवाल दिला, त्यात २००१ च्या जनगणनेच्या आधारे मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के आणि देशाची ६५.१ टक्के अशी नोंद आहे. शाळा सोडणाऱ्या मुलांचे, बँकेची दारे बंद असणाऱ्या कारागिरांचे जे चित्र त्या अहवालाने मांडले, ते वाचल्यावर या समाजाचा रोग अति धडपड हा आहे, असे म्हणवत नाही. उलट अनेक ठिकाणी धडपड करायला वावच मिळाला नाही, आणि त्या न मिळालेल्या संधीला आपण 'नसीब' हे नाव दिले.

मग कनाअतीचे काय करायचे? हा शब्द आपल्या दीनातला आहे, तो टाकून देता येत नाही, टाकण्याची गरजही नाही. पण तो आपण नीट वाचला आहे का?

पैगंबरसाहेबांच्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा आहे, की खरी श्रीमंती मालमत्तेच्या रेलचेलीत नसून मनाच्या भरलेपणात आहे. ही हदीस आपण सारखी ऐकतो. पण तिच्याच शेजारी दुसऱ्या गोष्टी ठेवून पाहाव्यात. कुरआनच्या सूरह जुमुआमध्ये नमाज झाल्यावर मशिदीत बसून राहा असे सांगितलेले नाही. जमिनीवर पांगा आणि अल्लाहची कृपा शोधा, म्हणजे कामधंद्याला लागा, असाच तिथला रोख आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला पैगंबरसाहेबांनी आधी बांध आणि मग भरवसा ठेव, अशा अर्थाचे उत्तर दिल्याची हदीसही सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे दोर हातात घेणे आपल्याकडे आहे. कनाअत म्हणजे दोर न घेण्याचे निमित्त नव्हे. दोर बांधून झाल्यावर रात्रभर उंटाकडे टक लावून झोप घालवू नये, एवढाच तिचा आग्रह आहे.

इथे इमाम गझालींची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती आपल्याकडे अर्धवट सांगितली जाते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अबू हामिद गझाली १०५८ साली इराणातल्या तूस इथे जन्मले. १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापकाच्या गादीवर बसले, तेव्हा त्यांचे वय तेहतीसच्या आसपास होते. त्या काळात विद्वानाला याहून मोठे पद नव्हते. शेकडो विद्यार्थी, दरबारात मान, वादात कुणी समोर टिकत नाही अशी ख्याती. आजच्या भाषेत बोलायचे तर विश्रामबागेतल्या कोणत्याही फलकावर मावणार नाही एवढा मोठा फोटो! आणि १०९५ मध्ये या माणसाची वाचा बसली. शिकवायला उभे राहावे तर तोंडातून शब्द फुटेना, अन्न गळ्याखाली उतरेना. हकीमांनी हात टेकले. दुखणे मनाचे आहे, औषधाने जाणार नाही, असे त्यांचे मत पडले. गझालींनी स्वतःच हे आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. आपण शिकवतो ते कशासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि अल्लाहसाठी नव्हे, नाव आणि मान यांच्यासाठी, असे प्रामाणिक उत्तर त्यांना मिळाले होते.

त्यांनी पद सोडले, संपत्ती वाटली आणि हजला जातो असे सांगून बगदादबाहेर पडले. दमास्कस, जेरुसलेम, मक्का, मदिना. आपले वक्ते सहसा इथे थांबतात आणि म्हणतात, पाहा, त्यांनी दुनिया सोडली! पण दोन गोष्टी सांगायच्या राहतात. एक, संपत्ती वाटताना मुलाबाळांच्या पोटापुरते त्यांनी मागे ठेवले होते. घरच्यांना उपाशी ठेवून मिळणारी शांती त्यांना नको होती. आणि दुसरी, सुमारे अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, ते निशापूरच्या मदरशात पुन्हा शिकवायला उभे राहिले. तोच पेशा, तसेच विद्यार्थी. बाहेरून पाहणाऱ्याला काय फरक पडला असेल? काहीच नाही. फरक त्या माणसात होता. पूर्वी जे ज्ञान मान मिळवून देते ते शिकवत होतो, आता जे मानाचा मोह सोडायला लावते ते शिकवतो, असा काहीसा खुलासा त्यांनी केला आहे. ११११ मध्ये तूस इथेच त्यांचे निधन झाले.

त्या परतीच्या काळातले त्यांचे फारसी पुस्तक 'किमिया-ए-सआदत', म्हणजे सौख्याची किमया. मराठीतला किमया हा शब्द त्याच अरबी-फारसी घराण्यातला. हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या ती किमया. आमच्या सांगली जिल्ह्याला हा शब्द तसा परका वाटू नये. खानापूर, आटपाडी, तासगावकडची दुष्काळी गावांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. जुने सोने-चांदी वितळवून, आम्ल आणि आग यांतून काढून शुद्ध करायचे, हे त्यांचे काम. गलाई करणारा नवे सोने तयार करीत नाही. असलेल्या सोन्यातला मिसळलेला हीण काढतो. गझालींची किमयाही आम्हाला याच जातीची वाटते. पुस्तकाची सुरुवात ते स्वतःच्या ओळखीपासून करतात, मग अल्लाहची ओळख, मग दुनियेची, मग आखिरतची. सुख बाहेरून आणून ओतायचे नाही. त्यात काय मिसळले आहे ते ओळखायचे.

दुनियेबद्दल लिहिताना ते एका हाजीचा दाखला देतात. हा गृहस्थ वाटेत आपल्या उंटाला चारा घालण्यात, धुण्यात, सजवण्यात इतका रमतो की काफिला पुढे निघून जातो आणि तो वाळवंटात मागे राहतो. उंट नको, असे गझाली म्हणत नाहीत. उंटाशिवाय हज होणार कसा? चाऱ्याला किती वेळ द्यायचा, एवढाच प्रश्न आहे. आपल्यापैकी किती जणांचा काफिला असा निघून गेला असेल! घराला दुसरा मजला, मग समोरच्याच्या घरापेक्षा उंच गच्ची, मुलीच्या लग्नात हजार पाने, त्या हजार पानांचे कर्ज फेडण्यासाठी आखातात पाच वर्षे, आणि परतल्यावर ओळख न दाखवणारी मुले. हे चित्र काल्पनिक नाही. ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे.

पाश्चात्त्य संशोधकांनीही हा विषय मोजून पाहिला आहे. १९७८ साली अमेरिकेत ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेले २२ जण आणि अपघाताने पंगू झालेले २९ जण यांना त्यांच्या सुखाबद्दल विचारले. लॉटरीवाले इतर सामान्य लोकांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, आणि रोजच्या लहानसहान गोष्टींतली त्यांची गोडी तर कमीच झालेली दिसली. पंगू झालेले लोक साहजिकच कमी सुखी होते, पण आपण कल्पना करू तितके दुःखी नव्हते. पैशाच्या बाबतीत मात्र पंडितांचे एकमत नाही. एका मर्यादेनंतर मिळकत वाढली तरी रोजचे सुख वाढत नाही, असे २०१० मध्ये कानेमान आणि डीटन यांनी मांडले. २०२३ मध्ये त्याच कानेमान यांनी दुसऱ्या संशोधकांसह पुन्हा पाहिले, तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत मिळकतीबरोबर सुख वाढतच जाते, फक्त जे आधीपासून फार दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत ती वाढ एका टप्प्याला थांबते, असे दिसले. तेव्हा 'पैशाने सुख मिळत नाही' हे सरसकट वाक्य विज्ञानाच्या नावावर खपवू नये. घरात औषधाला पैसे असणे हे सुखच आहे. पैसा ज्या दुःखाला पोचतच नाही, त्या दुःखाशी कनाअतीचा संबंध.

आता मिरजेकडे वळू. विश्रामबागेहून रस्त्याने गेले तर मिरज हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या मीरासाहेब दर्ग्याजवळ उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १८७२ साली कैराना गावी जन्मलेला हा गवई बडोद्याच्या दरबारात गेला, मुंबईत राहिला, १९१३ मध्ये पुण्यात त्याने आर्य संगीत विद्यालय काढले आणि अखेर मिरजेचा झाला. सवाई गंधर्वांसारखे शिष्य घडवले, देशभर मैफली केल्या, ध्वनिमुद्रिका दिल्या. ही धडपड नव्हे तर काय? त्यांचे आयुष्य काही सुखाने ओसंडून वाहत होते असेही नाही. संसार मोडला, मुले दुरावली. त्यातली हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने ही नावे पुढे स्वतःच्या कर्तृत्वाने मोठी झाली. तरी खाँसाहेबांच्या गाण्यात ज्याला तक्रारीचा सूर सापडला, असा श्रोता आम्हाला भेटलेला नाही.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी ते दक्षिणेत पाँडिचेरीकडे रेल्वेने निघाले होते. वाटेत छातीत कळ आली. सिंगपेरुमल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना पसरला, नमाज अदा केली, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी कानड्याच्या सुरांत अल्लाहचे नाव घेत त्यांनी प्राण सोडला, असे सांगतात. या गोष्टीभोवती भक्तांनी थोडे सोनेरी रंग भरले असतीलही. पण एवढे मात्र उरते, की अनोळखी मुलखात, आडबाजूच्या फलाटावर, वैद्य नाही, दरबार नाही, टाळ्या नाहीत, अशा वेळी या माणसाजवळ काहीतरी होते. ते त्या दिवशी कुणी आणून दिलेले नव्हते. साठ वर्षे रोज पहाटे सूर लावला होता, त्याची ती शिल्लक होती.

यातून आम्हाला एक गोष्ट कळते. आतले सुख हे आयते पडून राहिलेले गाठोडे नाही, की डोळे मिटले आणि उघडले. त्यालाही रियाज लागतो. फक्त त्या रियाजात प्रतिस्पर्धी नसतो. दुसऱ्याचा सूर बेसूर झाला म्हणून आपला चांगला लागत नाही. क्लासच्या फलकावर मात्र एकाचा क्रमांक वर गेला की दुसऱ्याचा खाली येतोच.

मिरजेच्या तंतुवाद्यांचीही कथा इथलीच. हत्यारे बनवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकात तंबोरे, सतारी करू लागले. हत्यारांचे दिवस सरत आले होते. पंढरपूर, मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, ते महिनोन्‌महिने वाळवतात, मग कापणी, जोडणी, कोरीव काम, आणि सर्वांत शेवटी जवारी. घोडीचा पृष्ठभाग कानाने ऐकत ऐकत घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, आणि एका क्षणी तार बोलू लागते. या कामाला घाई चालत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची बाब.

पण आता याच कारागिराचा मुलगा म्हणतो, की मला हे करायचे नाही, मी विश्रामबागेत क्लास लावतो. त्याला काय सांगाल? 'बाबा रे, कलेत समाधान आहे'? ज्या कामातून घर चालत नाही त्या कामाला समाधानाचे गुण चिकटवून मुलाला बांधून ठेवणे, हे आम्हाला पाप वाटते. बापाची कनाअत बापाची असते. ती मुलावर वारशाने लादता येत नाही.

तेच घरातल्या बाईचे. आपल्या समाजात सब्र आणि शुक्र यांचा सर्वांत मोठा साठा कुणाकडून अपेक्षिला जातो? नवरा मारतो, सब्र कर. शिकायचे होते, शुक्र कर की दोन वेळचे मिळते. मेहर नावापुरता लिहिला, आणि माहेरून काय काय आले याची यादी मात्र मोठी; तरी सब्र. जो गुण माणसाने स्वतःच्या हावेला लगाम घालायला वापरायचा, तो दुसऱ्याच्या हक्काला लगाम घालायला वापरला, की त्याला कनाअत हे नाव देऊ नये. त्याला साधा मराठी शब्द आहे, जुलूम. आणि तोही आपल्याच अरबीतून आलेला आहे. सूफींनी नफ्सचे तीन टप्पे सांगितले : वाईटाकडे ओढणारा अम्मारा, स्वतःला टोचणारा लव्वामा आणि शांत झालेला मुत्मइन्ना. तिन्ही नावे कुरआनातलीच आहेत. या तिन्ही अवस्थांत नफ्स आपला स्वतःचाच आहे. दुसऱ्याच्या नफ्सची मशागत करण्याचा परवाना कुणालाच दिलेला नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथ लिहिला, त्याचे नाव 'योगसंग्राम'. त्यातला संग्रामही माणसाच्या आतला आहे.

आणखी एक बाजार अलीकडे उघडला आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. आतल्या सुखाचा शोधही आता मिरवता येतो. एक हज फर्ज असताना दरवर्षी उमरा, विमानतळावरचे हारतुरे, काबाशरीफसमोर स्वतःचा फोटो, परतल्यावर पाटीवर नावाआधी हाजी. जाणाऱ्यांची नियत अल्लाह जाणतो, आम्ही नाही. पण शेजारी एखादी विधवा मुलाच्या फीसाठी दारोदार फिरत असताना चौथ्या उमऱ्याचे तिकीट काढणाऱ्याने गझालींची ती बसलेली वाचा आठवावी. रिया, म्हणजे दिखावा, नमाजेतसुद्धा शिरतो, हे त्यांनी आपल्याला फार बारकाईने दाखवून दिले आहे.

उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. २००५ च्या पुराच्या आठवणी असलेल्यांनाही इतके पाणी अपेक्षित नव्हते. गावठाण, पेठा पाण्यात गेल्या. ज्यांच्या पायाखाली कोरडी जमीन होती त्यांनी दारे उघडली. त्यातच १२ ऑगस्टला बकरी ईद आली. सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक मुस्लिम कुटुंबांनी ती ईद साधेपणाने केली आणि खर्चाची रक्कम पूरग्रस्तांसाठी दिली. नवे कपडे नाहीत, घरात गोडधोड नाही, रस्त्यावर चिखल. तरीही त्या ईदबद्दल बोलताना लोकांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते आनंदापेक्षा वेगळे नाही. आत मिळालेले सुख माणसाला शेजाऱ्यापासून तोडत नाही, एवढी त्याची परीक्षा आम्ही मानतो. जे समाधान शेजारच्या घरातले पाणी पाहूनही ढळत नाही, त्याला बधिरपणा म्हणावे.

राहता राहिला विश्रामबागेतला तो मुलगा किंवा ती मुलगी. निकालाचा दिवस येईल. ज्या मुलाने दोन वर्षे ढोर मेहनत केली त्याला काही गुण कमी पडतील, जागा मिळणार नाही. त्या दिवशी घरात काय बोलले जाते, यावर बरेच काही ठरते. 'आम्ही तुझ्यासाठी काय काय केले' याची यादी वाचली जाते का? फुप्पूच्या मुलाला किती पडले ते विचारले जाते का? की आई नेहमीप्रमाणे ताट वाढते, अब्बा असरच्या नमाजेला निघताना 'चल, सोबत ये' म्हणतात, आणि वाटेत क्लासच्या फलकाविषयी एक शब्दही काढत नाहीत? पुन्हा परीक्षा द्यायची की दुसरी शाखा घ्यायची, हे उद्या बसून ठरवता येते. फॉर्म भरायच्या तारखा असतात, शिष्यवृत्तीची कागदपत्रे असतात, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात. ती कामे सोडायची नाहीत. पण ती उद्याची. आज संध्याकाळी मुलगा जेवला का, एवढेच पाहायचे.